ऐकू येतंय का?

"ऐकलंस?"

"काय?"

"आत्ता. टकटक झाली ती."

"नाही बुवा."

"थांब, परत होईल."

परत काही झाली नाही. बायको खिडकीबाहेर बघत बसली आणि मी डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्याकडे. गाडी घेऊन नऊ दिवस झाले होते. सीटवरची प्लास्टिकची खोळसुद्धा अजून काढली नव्हती, आणि काचेच्या खाली कुणीतरी दडून बसलंय नि मधूनमधून नखाने टिचक्या मारतंय, असं मला वाटायला लागलं होतं.

जुन्या गाडीत असे डझनभर आवाज होते. मागचं दार खडखडायचं, हँडब्रेकपाशी काहीतरी किणकिणायचं, वळण घेताना पुढचं चाक कण्हायचं. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. जुनी गाडी वाजली तर आपण तिचं वय झालं म्हणतो. नवी वाजली की आपण फसलो की काय, ही शंका आधी डोकं वर काढते. आवाज तोच, पण एकाला दया मिळते आणि दुसऱ्याला संशय.

पहिल्या रविवारी मी गाडी पूर्ण रिकामी केली. दारातली पाण्याची बाटली, सुटी नाणी, चष्म्याच्या कप्प्यातला चष्मा, ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रांची फाइल, किल्लीला अडकवलेली दुसरी किल्ली, सगळं बाहेर. डिकीतला जॅक हलवून पाहिला, स्टेपनीचा नट आवळला, मागच्या सीटबेल्टची बकलं उशीखाली सारली. हे आधी करावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. कारण गाडीतले निम्मे आवाज आपणच भरलेले असतात, आणि चष्म्याच्या डबीची तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. माझे दोन आवाज असेच गेले. एक नाण्यांचा होता आणि दुसरा नंबर प्लेटचा. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली आणि डिकी लावताना होणारी खणखण थांबली.

टायरमधली हवाही तपासली. कारखान्यातून निघालेली गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. एकाच जागी भार पडून टायर चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त हवा भरलेली असते. गाडी आपल्या हाती देण्याआधीच्या तपासणीत, म्हणजे पीडीआयमध्ये, ती कमी करायची असते. घाईत राहून जाते. मग टणक टायरवरून गाडी दगडासारखी आदळते, प्रत्येक खिळखिळा सांधा बोलायला लागतो आणि मालक म्हणतो, सस्पेन्शन खराब आहे. माझ्या गाडीतही हवा जास्तच निघाली. ती नीट केल्यावर गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. पण टकटक होतीच.

हळूहळू मला तिच्या सवयी कळल्या. ती फक्त सकाळी यायची, गाडी सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं. वेग तीस ते चाळीसच्या मध्ये हवा. मोठ्या खड्ड्यात गप्प. रस्ता खरबरीत असेल, वर आलेल्या खडीचा, तरच. आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर साधारण अर्धा किलोमीटरचा असा एक पट्टा होता. लोक तो चुकवून पलीकडच्या रस्त्याने जायचे. मी मात्र वळसा घालून त्याच पट्ट्यावर यायला लागलो. रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर, मान थोडी डावीकडे. मागून येणाऱ्यांना मी कुणाचं तरी घर शोधतोय असं वाटत असणार.

सकाळीच का, याचं उत्तर नंतर सापडलं, आणि ते मला फार आवडलं. एक मीटर लांबीची लोखंडी पट्टी चाळीस अंशांनी तापली तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. डॅशबोर्डला वापरतात तसल्या एबीएस प्लास्टिकची तेवढीच पट्टी तीनेक मिलिमीटर वाढते. म्हणजे आत लोखंडी सांगाडा, वर प्लास्टिक, मध्ये क्लिपा, आणि दिवसभर हे सगळं आपापल्या गतीने फुगतं, आक्रसतं. गार असताना एखादी क्लिप केसाएवढी सैल पडते, आतली हवा उबदार झाली की पुन्हा घट्ट बसते. दुपारी आपण गाडी दाखवायला नेतो, तेव्हा ती एकदम साळसूद.

आणि आपण नेतो दुपारीच.

सर्व्हिस सेंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याने माझ्याबरोबर गाडी फिरवली, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर, तासाला साठच्या वेगाने, एसी तीनवर ठेवून. "सर, कुठे आवाज?" मी म्हटलं, आत्ता नाही येत. त्याने मान डोलवली. ती मान डोलवणं मला पाठ झालंय. डॉक्टरकडे गेल्यावर दुखणं थांबतं, तेव्हा डॉक्टर अशीच डोलवतात. जॉब कार्डवर त्याने लिहिलं, 'नॉइज फ्रॉम डॅशबोर्ड'. खाली शेरा, 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, आवाज आढळला नाही'.

ते वाचून मला मराठीची कीव आली. आपल्याकडे आवाजांची केवढी चंगळ! खडखड, खुळखुळ, किणकिण, टकटक, कुरकुर, करकर, भणभण, घरघर, कटकट (ही शेवटची बहुतेक माझीच). प्रत्येकात काय कशावर आपटतंय किंवा घासतंय, हे आधीच सांगितलेलं असतं. खुळखुळ म्हटलं की पोकळ जागेत काहीतरी सुटं पडलंय. कुरकुर म्हटलं की दोन पृष्ठभाग एकमेकांना लागून सरकताहेत. भणभण म्हणजे एखादा पातळ पत्रा किंवा पॅनल स्वतःच थरथरतंय. गाड्यांचे अभियंतेही नेमके हेच तीन गट पाडतात, बझ, स्क्वीक आणि रॅटल, आणि त्यांचं लघुरूप करतात बीएसआर. आपल्या आज्जीला हे वर्गीकरण कुणी शिकवलं नव्हतं. तरी जॉब कार्डवर शेवटी उरला एकच शब्द, नॉइज.

कुरकुरीचं एक वेगळंच आहे. दोन वस्तू घासल्या की त्या सलग सरकतात असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. त्या चिकटतात, ताण साठतो, सुटतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तारेचं हेच होत असतं. बाउडेन आणि लेबेन या दोघा संशोधकांनी 1939 साली घर्षणातलं हे अडखळणं मोजून दाखवलं. तेव्हापासून त्याला 'स्टिक-स्लिप' म्हणतात. सारंगीत ते सूर होतं, सीटच्या चामड्यात आणि दाराच्या रबरात ते वैताग होतं. म्हणून कुरकुरीवर इलाज वेगळा, दोन पृष्ठभागांमध्ये वूलनची पट्टी किंवा रबराला सिलिकॉनचं ग्रीस. साधं ग्रीस किंवा तेल रबरावर फासलं तर आठवडाभर शांतता आणि नंतर फुगलेलं, मऊ पडलेलं रबर. टकटकीला मात्र ग्रीस काहीच करत नाही. तिथे दोन वस्तू एकमेकांवर आपटताहेत, त्यांना एक तर घट्ट धरायचं, नाही तर मध्ये काहीतरी मऊ घालायचं.

एवढं कळूनही माझी अडचण सुटत नव्हती. मुळात आवाज येतोय कुठून, हेच ठरत नव्हतं. डावा-उजवा फरक आपल्याला कळतो तो दोन कानांमुळे. आवाज एका कानापर्यंत दुसऱ्यापेक्षा आधी पोचतो, आणि तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मेंदू तेवढ्यावर दिशा काढतो. पण समोर की मागे, वर की खाली, यात कान सहज फसतात. त्यात गाडी म्हणजे काचेची पेटी. ग्लोव्ह बॉक्समागे टक झालं की ते पुढच्या काचेवर आदळून येतं आणि आपण काचेच्या कोपऱ्याला दोष देतो. मी दोन महिने चुकीच्या कोपऱ्यावर संशय घेत होतो, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या भेटीत सर्व्हिस सेंटरवाल्यांनी त्या कोपऱ्यातलं ट्रिम, म्हणजे वरचं प्लास्टिकचं आवरण, उघडलं. मी काचेपलीकडून बघत होतो. प्लास्टिकचा चपटा पाना फटीत घातला, मनगट वळवलं आणि क्लिपा सुटल्या, तट, तट, तट. चौथीचा आवाज वेगळा होता. ती तुटली. आत वूलनच्या पट्ट्या चिकटवल्या, पॅनल तळव्याने ठोकून बसवलं, गाडी परत. सकाळी टकटक होतीच, शिवाय तिच्या जोडीला एक बारीक चिरचिर. कारखान्यात एकदा बसवलेली क्लिप काढून घातली की ती तशी बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. बऱ्याच क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. तेव्हापासून माझा आग्रह एकच असतो. उघडलंत तर नव्या क्लिपा घाला, आणि घातल्या ते कार्डवर लिहा.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. त्या रात्री मीच पॅनल उघडायला निघालो होतो. हातात पाना होता, मोबाइलवर कुणीतरी काचेशेजारच्या खांबाच्या आवरणामागे फोम कोंबून दाखवत होता. मी मॅन्युअल उघडलं ते निव्वळ टॉर्च सापडेपर्यंत. त्यात त्या खांबावर एअरबॅगचं चिन्ह होतं. बऱ्याच गाड्यांत बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगचं टोक तिथून जातं. ती काही सहस्रांश सेकंदांत फुगते, आणि ते आवरण कसं सुटावं, सुटल्यावर उडून तोंडावर येऊ नये म्हणून कुठल्या क्लिपेला अडकून राहावं, हे सगळं ठरवून केलेलं असतं. त्या वाटेत मी फोम कोंबणार होतो, एका टकटकीसाठी. पाना ठेवून दिला. डिकी, नंबर प्लेट इथे घरची कारागिरी चालते. खांब, छताची किनार आणि प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड यांना हात लावू नये.

मग मी हत्यार बदललं. वही काढली. तारीख, बाहेरचं तापमान, किती मिनिटांनी आवाज आला, वेग, गिअर, एसी चालू की बंद, शेजारी कुणी बसलं होतं का. शेवटचा रकाना मी घरच्यांसाठी केला होता, साक्षीदार मोजायला. वडील एकदा बसले. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं, पूर्ण पट्टा संपेपर्यंत डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मला इंजिनाचंच नीट ऐकू येत नाही रे." मी वहीत फुली मारली. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि प्लास्टिकची टकटक उंच पट्टीतली. पण खरं सांगायचं तर बायकोच्या रकान्यातही बहुतेक फुल्याच होत्या, आणि तिचे कान उत्तम आहेत. ती ऐकत नव्हती एवढंच. मी ऐकत होतो. एकदा कान लागला की तो काढून घेता येत नाही, आणि ज्याचा लागलेला नाही त्याला बोट दाखवून लावता येत नाही. गाडीतला दोष सांगण्यातला सगळ्यात थकवणारा भाग हाच आहे. रंगावर ओघळ असेल, बॉनेटची फट एकीकडे चार मिलिमीटर आणि दुसरीकडे सहा असेल, तर पट्टी लावून दाखवता येतं. गालिचा ओला लागला तर हात लावायला सांगता येतं. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण पुरावा मागणाऱ्याला स्वतःचा कान देऊ शकत नाही.

वहीचा एक फायदा अनपेक्षित होता. मी घाबरून टिपलेल्या बऱ्याच गोष्टी दोष नव्हत्याच. गाडी बंद केल्यावर खालून येणारी टिकटिक ही तापलेल्या सायलेन्सरवरच्या पत्र्याची, तो थंड होताना आक्रसतो. गाडी सुरू करून थोडी पुढे गेली की होणारी एक घरघर ही एबीएसने, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने (ते प्लास्टिक नव्हे), स्वतःची घेतलेली परीक्षा. गाडी धुतल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर म्हणजे डिस्कवर धरलेला गंजाचा पातळ थर. पंधरा नोंदींपैकी सहा मी स्वतःच खोडल्या. उरलेल्या नऊ मात्र सगळ्या एकच गोष्ट सांगत होत्या. सकाळ, गार हवा, तीस ते चाळीस, खरबरीत रस्ता.

तिसऱ्या भेटीला मी गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडली आणि म्हटलं, सकाळी मी यायच्या आधी सुरू करू नका. जॉब कार्डवर या वेळी माझी वाक्यं माझ्या शब्दांत लिहून घ्यायला लावली आणि त्याची प्रत घेतली. आवाज आढळो न आढळो, वॉरंटीत तक्रार कधी केली याची नोंद असणं महत्त्वाचं. मुदत संपल्यावर तोच आवाज आला तर 'आधी सांगितलं नव्हतं' असं कुणाला म्हणता येऊ नये.

सकाळी एक वयस्क मेकॅनिक आले. त्यांनी वही वाचली, पूर्ण, माझ्यासमोर उभं राहून. मग म्हणाले, "चला, तुमच्या रस्त्यावर." तुमच्या रस्त्यावर हे शब्द ऐकून माझा निम्मा राग गेला. गाडी मी चालवली, ते माझ्या शेजारी बसले. पट्टा सुरू झाला. टक. टकटक.

"येतोय," ते म्हणाले.

तीन महिन्यांत मला हा शब्द कुणी दिला नव्हता.

त्यांनी काचेच्या कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, उजव्या हाताचा पंजा डॅशबोर्डवर पसरला, जोर न देता, कपाळाला हात लावून ताप बघतात तसा. आवाज चालूच. पंजा थोडा खाली सरकवला. चालूच. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण दाबलं, चालूच. मग झाकण उघडून मनगटापर्यंत हात आत घातला, मागच्या भिंतीला बोटं टेकवली, आणि आवाज बंद झाला. बोटं काढली, टक. टेकवली, बंद. काढली, टक. मी ब्रेक लावायचा विसरलो आणि पट्टा संपला.

परत येऊन त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला. आत एसीच्या पंख्याचं काळं घर आणि त्याच्या शेजारून जाणारी वायरिंगची जाड वेणी. वेणीतला एक कनेक्टर आपल्या खोबणीत बसवायचा राहिला होता. खोबणी होती, कनेक्टरही होता, दोघांत अंगठ्याएवढं अंतर. तो सुटा लोंबत होता आणि गार सकाळी पंख्याच्या घरावर टिचक्या मारत होता. एका गाडीत सुटे भाग अगदी स्क्रूपर्यंत मोजले तर सुमारे 30,000 भरतात. त्यांतला एक कुणीतरी दाबून 'टक' ऐकायच्या आधी पुढच्या गाडीकडे वळला असणार. त्याच्या हातून राहिलेली ती टक मी तीन महिने ऐकत होतो.

त्यांनी कनेक्टर खोबणीत दाबला. वायरिंगला गुंडाळतात ती लवदार कापडी टेप चार बोटं फाडली आणि वर गुंडाळली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. "इंजिनचं काम सोपं असतं," ते ग्लोव्ह बॉक्स चढवताना म्हणाले. "आवाजाचं तसं नाही. आता इंजिनं शांत झाली ना, म्हणून हे असले कानाला लागतात. बॅटरीवरच्या गाड्यांची गिऱ्हाइकं तर अजून बारीक ऐकतात." ते खरंच आहे. मोठा आवाज लहान आवाजांना झाकून ठेवतो, आणि इंजिन गेलं की ते पांघरूण जातं. 1958 मध्ये रोल्स-रॉइसची एक जाहिरात आली होती, डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरात लेखकाने लिहिलेली. ताशी साठ मैलांच्या वेगाला गाडीतला सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, अशी तिची ओळ होती. ती प्रौढी म्हणून लिहिली होती. मला आता त्या गाडीच्या मालकाची काळजी वाटते. रात्रंदिवस त्याला ते घड्याळच ऐकू येत असणार.

चिरचिरीसाठी त्यांनी न सांगता चार नव्या क्लिपा घातल्या. वर्कशॉपच्या आवारातल्या गतिरोधकावरून गाडी दोनदा नेली. काही वाजलं नाही. पण तिथे ती आधीही कधी वाजली नव्हती, आणि एव्हाना ऊन वर आलं होतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या पट्ट्यावर.

दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस होता, छतावरच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मग दोन दिवस बाहेरगावी गेलो. चौथ्या दिवशी सकाळी लवकर निघालो, मुद्दाम बायकोला घेऊन, साक्षीदार म्हणून. रेडिओ बंद. एसी बंद. काचा वर. पट्ट्याचं वळण आलं.

रस्ता नवा कोरा होता. काळाभोर, ओल्या पाटीसारखा, कडेला अजून रोलरच्या खुणा. अर्धा किलोमीटर गाडी लोण्यावरून जावी तशी गेली.

"ऐकू येतंय का काही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

मी काही बोललो नाही. वहीत त्या तारखेपुढचा रकाना रिकामाच आहे. पलीकडच्या वस्तीत पाइपलाइनसाठी रस्ता खणलाय असं कळलंय. उद्या सकाळी जरा तिकडून जाऊन येतो.